अर्धवट प्रकरण सेमिनारमध्ये मांडावं का?

नाव द्या, आणि आजच द्या. तुम्ही लिहिलंय की प्रबंधाचं तिसरं प्रकरण अर्ध्यावर अडलंय, इतिहास विभागात चालू संशोधनावरच्या सेमिनारची मालिका सुरू होतेय, पण सगळ्यांसमोर चुका निघतील याची धास्ती वाटते. चुका निघतीलच. परीक्षकांनी काढण्यापेक्षा त्या आत्ता निघालेल्या केव्हाही बऱ्या.

मी १७व्या शतकातल्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांवर काम करत होते. मालावरून तंटा झाला आणि त्यापायी दलालाला काढून टाकलं, अशी माझी मांडणी होती. कारण तंट्याचं पत्र फेब्रुवारी १६६३ चं आणि दलालाला काढल्याचं ऑक्टोबर १६६३ चं. सगळं प्रकरण या क्रमावर उभं होतं. दोन्ही पत्रांतले उतारे मी छापून वाटले होते. प्रश्नोत्तरं सुरू झाली, तेव्हा मागे बसलेल्या, अगदी वेगळ्या विषयातल्या एका बाईंनी तारखेवर बोट ठेवून विचारलं, "हे वर्ष त्यांचं की आपलं?"

इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे त्यांचा फेब्रुवारी १६६३ हा ऑक्टोबर १६६३ च्या नंतर येतो. आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १६६४. हे मला ठाऊक होतं, पण वर्षभर तीच पत्रं वाचून नजर मेली होती. दलाल आधी गेला होता, तंटा नंतर झाला होता. कार्यकारणच उलटं झालं. प्रकरण नव्याने लिहायला तीन महिने लागले, आणि आज माझ्या प्रबंधात मला सगळ्यात जवळचं वाटतं ते तेच.

तो उतारा वाटला नसता तर ही चूक कुणाला दिसलीच नसती. म्हणून गुळगुळीत निबंध वाचू नका. जिथे अडलाय ती जागा मांडा आणि मूळ साधन लोकांच्या हातात द्या. १८३०च्या दशकात जर्मन इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांके बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन बसायचे ते याचसाठी: अस्सल कागद समोर ठेवायचा आणि तो कितपत भरवशाचा आहे, हे सगळ्यांनी मिळून तपासायचं.

२० मिनिटं मिळणार असतील तर २००० शब्दांच्या वर जाऊ नका. घाईघाईत वाचलेलं कुणाच्या डोक्यात उतरत नाही. मसुदा आधीच सर्वांना पाठवायची पद्धत असेल तर तो पुन्हा वाचून दाखवू नका. दहा मिनिटांत अडचण सांगा आणि बाकीचा वेळ चर्चेला सोडा. कल्पना कुणी उचलेल अशी भीती असेल, तर पहिल्या पानावर तारीख घाला आणि 'मसुदा, परवानगीशिवाय उद्धृत करू नये' असं लिहा.

एक मात्र नक्की करा. प्रश्न टिपून घ्यायला एखाद्या मैत्रिणीला किंवा मित्राला बसवा, कारण उत्तर देताना आपल्याला लिहिता येत नाही. उत्तर नसेल तिथे 'हे मी अजून पाहिलेलं नाही' एवढं सरळ सांगा. आणि त्याच संध्याकाळी ती टिपणं घेऊन बसा; दोन दिवस गेले की प्रश्न आठवतो, पण त्याचा रोख आठवत नाही.