शाळेतल्या मुलांना ऑनलाइन स्पीच थेरपी द्यायला सुरू करतेयस? आधी शाळेतल्या लोकांशी जमव

अगं, पहिल्याच आठवड्यात टीचरना थेरपीच्या गोल्सची लांबलचक ईमेल पाठवू नकोस, मी पाठवली होती, कोणी उघडलीसुद्धा नाही. आधी ओळख वाढव मुलाला स्क्रीनसमोर आणून बसवणाऱ्या ताईंशी, कारण माइक म्यूट राहिला, हेडफोन निघाला किंवा पोरगं टेबलाखाली गेलं की तिथे हात त्यांचाच पोचतो, तुझा नाही. टीचरना एवढंच विचार की वर्गात त्याचं बोलणं कुठे अडतं, आणि एकच गोष्ट सुचव, प्रश्न विचारून त्याच्या उत्तरासाठी पाच सेकंद थांबा, बस्स.

- खेळाच्या तासाला मूल मागू नकोस (मुलं पण चिडतात!)
- सेशन बुडालं तर तक्रार नको, दुसरी वेळ विचार
- 'ताम' म्हणणारा 'काम' म्हणायला लागला की लगेच टीचरना कळव, बिघडल्यावरच मेसेज करणारे ढीगभर असतात

रिपोर्ट वगैरेचं नंतर बघू.