पश्चिमेच्या भिंतीवर रफ कट (रंधा न मारलेल्या) सागाच्या फळ्या मारल्या तर पुढे सपाट राहतील का?

तुम्हाला मढच्या घराला आडव्या फळ्या मारायच्या आहेत आणि मिस्त्री म्हणतो, "साग आहे, हलणार नाही." मिस्त्रीचं निम्मं खरं आहे. साग कमी हलतो, पण हलतो.

मी गोराईला यात हात पोळून घेतलेत. मे महिन्यात फळ्या थेट प्लास्टरवर ठोकल्या, समोरून तेलाचे दोन हात दिले. मागची बाजू कोण बघतंय, म्हणून कोरी सोडली. पावसाळाभर भिंत पाणी प्यायली. ऑक्टोबरचं ऊन तापलं तशी समोरची बाजू वाळून आकसली, मागची ओलीच राहिली. दिवाळीच्या साफसफाईत फडकं कडांना अडकायला लागलं, तेव्हा कळलं की फळ्यांची पन्हळ झालीय.

म्हणून आधी मागची बाजू सांभाळा. भिंतीवर दर 16 इंचांवर 20 मिमी जाडीच्या उभ्या रिपा मारा. वर-खाली हवेला वाट ठेवा, तिथे जाळी लावा, नाहीतर झुरळं संसार थाटतील. तेल सहाही बाजूंना, फळी चढवायच्या आधी. कापलेल्या टोकांना दोनदा, पाणी तिथूनच जास्त शिरतं. रफ लाकूड तेल भरपूर पितं, पिऊ द्या. व्हार्निश नको, उन्हात पापुद्रे सुटतात.

स्क्रूवरून मिस्त्रीशी वाजेल. तो वर-खाली दोन मारणार. दोन्ही कडा जखडल्या की आकसताना फळी मधोमध चिरते. दर रिपेवर एकच स्क्रू, खालच्या कडेपासून सव्वा इंच वर. फळीवर फळी इंचभर चढते, त्यामुळे तो खालच्या फळीत शिरत नाही. स्टेनलेसचाच घ्या, तुमच्याकडे खारा वारा आहे तर 316 ग्रेडचा. साध्या खिळ्याने सागावर काळे ओघळ येतात.

रुंदी पाच इंचांच्या आत ठेवा. रे रोडच्या वखारीत फळीचं टोक निरखा. वलयं जाडीत उभी असतील तर डोळे झाकून घ्या, महाग पडली तरी. कमानीसारखी असतील तर गाभ्याकडची बाजू बाहेर ठेवा, म्हणजे वाळताना कडा भिंतीकडेच दाबल्या जातात. आणल्यावर मध्ये पट्ट्या घालून तीन-चार आठवडे सावलीत रचून ठेवा. पावसाच्या आधी उरकायची घाई असेल, तर काम सरळ नोव्हेंबरवर ढकला.