आधी उजेड बघा, मग झाडं आणा

प्रश्न : आमच्या हॉलला एकच खिडकी आहे आणि समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. घरात थोडा निसर्ग असावा म्हणून सोफ्यामागच्या कोपऱ्यात कुंड्या ठेवल्या, पण पानं पिवळी पडून सगळी झाडं गेली. आता इंटिरिअरवाले म्हणतात की एक अख्खी भिंतच झाडांची करा, हवा पण शुद्ध होईल. करू का? की सरळ प्लास्टिकची झाडं आणू?

उत्तर : भिंतीचं काम आधी थांबवा. झाडांनी हवा शुद्ध होते हे जे सगळीकडे फिरतं ना, ते मुख्यतः नासाच्या १९८९ च्या प्रयोगावरून, आणि तो झाला होता हवाबंद पेट्यांमध्ये. घरात दारं-खिडक्या-फटींमधून हवा सारखी बदलत असते आणि हवेतली रसायनं तिच्याबरोबरच बाहेर जातात. २०१९ मध्ये अशा जुन्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला, तर हवा बदलण्याने होणारं हे काम झाडांवर सोपवायचं म्हटलं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. मग माणसांनी राहायचं कुठे! शिवाय त्या भिंतीला पंप लागतो, पाण्याचा निचरा लागतो, रोज दहा-बारा तास दिवे लागतात आणि कुठे गळलं की भिंतीला ओल.

तुमची झाडं बहुतेक अंधाराने गेली. आपले डोळे कमी उजेडाला सरावतात म्हणून कोपरा ठीकठाक वाटतो, पण खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेलं की उजेड धाडकन कमी होतो. दुपारी त्या जागी पांढरा कागद ठेवा आणि वर फूटभर उंचीवर हात धरा. सावली ठळक पडली तर छान, पुसट पडली तर मनी प्लांट, स्नेक प्लांट वगैरे चालतील, आणि पडलीच नाही तर तिथे झाड ठेवूच नका. अंधारात झाड पाणीही कमी पितं, आपण मात्र रोज घालत राहतो, मग मुळं कुजतात.

आता खिडकीकडे या. रॉजर उल्रिक या संशोधकाचा १९८४ चा एक अभ्यास आहे, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतरच्या पेशंटवरचा. ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली आणि ते घरीही लवकर गेले, ज्यांना विटांची भिंत दिसत होती त्यांच्यापेक्षा. हॉस्पिटलचा निष्कर्ष हॉलला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण तुमच्यासमोरही भिंतच आहे ना, म्हणून म्हटलं. सगळ्या कुंड्या खिडकीतच लावा, सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येतील अशा, म्हणजे नजर भिंतीवर जायच्या आधी पानांवर अडेल आणि झाडांनाही उजेड मिळेल. जाड पडदा काढून पातळ लावा, आणि खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर आरसा लावून बघा, आकाशाचा तुकडा कुठून दिसतो ते आधी हातात धरून ठरवा.

प्लास्टिकची झाडं? धूळ पुसत बसाल. त्यापेक्षा त्या अंधाऱ्या कोपऱ्यात वेताची खुर्ची टाका.

प्रश्न : ऑफिसात माझ्या केबिनला खिडकीच नाही. मनी प्लांट जगेल?

उत्तर : जगेल, फक्त दिव्याच्या अगदी जवळ ठेवा आणि दिवा दहा-बारा तास चालू हवा. पाण्याच्या बाटलीत लावलं तरी चालतं, आठवड्याला पाणी बदला. वाढेल मात्र रमतगमत.