वासराच्या रक्तातलं प्रोटीन महिन्याभरात का उतरलं?

प्रश्न: आमच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित कालवडीच्या रक्तात दुसऱ्या दिवशी एकूण प्रोटीन ६.४ होतं, ३०व्या दिवशी ५.८ भरलं. दूध पोटभर पाजतो. काही आजार असेल का? दूध कधी तोडावं?

उत्तर: कालवड उड्या मारतेय, शेण बांधून पडतंय, तर या आकड्याने घाबरू नका. ६.४ ग्रॅममधला (१०० मिलि सीरममागे, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पिवळ्या पाण्यामागे) बराच भाग तिचा नव्हताच, तो गाईच्या चिकातल्या प्रतिपिंडांचा, म्हणजे ग्लोब्युलिनचा होता. गाईची वार प्रतिपिंडं गर्भापर्यंत जाऊ देत नाही. वासराचं आतडं ती जशीच्या तशी शोषतं, पण पहिल्या २४ तासांतच, आणि तेही तासागणिक कमी. म्हणून २ तासांच्या आत, वजनाच्या १० टक्के चीक. ३० किलोच्या वासराला ३ लिटर. खरवस दुसऱ्या दिवशीच्या चिकाचाही छान होतो!

चिकातून आलेला हा साठा साधारण तीन आठवड्यांत निम्म्यावर येतो. वासराची स्वतःची प्रतिपिंडं सावकाश तयार होतात, म्हणून मधे खड्डा पडतो. यकृतात बनणारं दुसरं प्रोटीन, अल्ब्युमिन, मात्र या काळात वाढत असतं. एकूण आकड्यात दोन्ही मिसळतात. लॅबकडून अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन वेगळं मागा.

फसवा असतो तो वाढलेला आकडा. हगवणीने पाणी कमी झालं की रक्त दाटतं आणि ५ असलेलं प्रोटीन ६ दिसतं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा; लगेच सपाट झाली नाही, डोळे खोल गेले असतील, तर आकडा बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रोलाइट (क्षारांचं पाणी) द्या.

दूध तोडताना वय नव्हे, गव्हाण बघा: काफ स्टार्टर (वासरांचा सुरुवातीचा खुराक) सलग ३ दिवस रोज १ किलो संपला पाहिजे. मग आठ-दहा दिवसांत दूध घटवत बंद करा. एकदम तोडलं की ताणाने हॅप्टोग्लोबिनसारखी दाहाची प्रोटीनं रक्तात वाढू शकतात. शिंगं जाळणं त्याच आठवड्यात नको.

प्रश्न: हे प्रोटीन बघायला द्राक्षाची गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर चालेल का?

उत्तर: चालतो. डॉक्टरांकडून साध्या नळीत ५ मिलि रक्त काढून घ्या, नळी न हलवता गोठू द्या, वरच्या पिवळ्या सीरमचे दोन थेंब काचेवर टाका. आधी डिस्टिल्ड पाण्याने शून्य जुळवा. वय १ ते ७ दिवस असताना ९.४ ब्रिक्स (रिफ्रॅक्टोमीटरवरचं माप) किंवा जास्त म्हणजे उत्तम, ८.१च्या खाली म्हणजे चीक कमी पडला किंवा उशिरा मिळाला. सीरम लालसर असेल तर नमुना पुन्हा घ्या.