डेन्मार्कच्या सहकारी संस्थेची रचना आमच्या यवतमाळच्या शेतकरी उत्पादक कंपनीत चालेल का?

जशीच्या तशी नाही चालणार. वरच्याची सत्ता खालचे किती मुकाट मान्य करतात, हे डच समाजमानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम या संगणक कंपनीच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांना विचारून मोजलं होतं: डेन्मार्क 18, भारत 77 (आकडा जितका मोठा, तितकी सत्ता मुकाट मान्य). तिकडे कामगार साहेबाला तोंडावर 'नाही' म्हणू शकतो. आपल्याकडे आमसभेत अध्यक्षांपुढे माना डोलतात आणि खरं मत नंतर पारावर निघतं. म्हणून कापूस-तुरीच्या खरेदीचे निर्णय आधी गावोगावच्या शेतकरी गटांत होऊ द्या, मग संचालक मंडळात न्या. हे फार महत्त्वाचं आहे. मात्र ते आकडे एकाच कंपनीतल्या नोकरदारांचे आहेत, खेड्यांचे नव्हेत. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावात, ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते.