कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी स्नायू दुखत असतील तर बेंपेडोइक ॲसिड आणि इझेटिमाइबची एकत्र गोळी चालते का?

हो, चालते, आणि मुंबईत ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर केमिस्टकडे मिळते: १८० मिग्रॅ बेंपेडोइक ॲसिड आणि १० मिग्रॅ इझेटिमाइब, दिवसातून एक गोळी, जेवणाआधी किंवा नंतर कधीही. स्नायूंना त्रास कमी होण्याचं कारण असं की बेंपेडोइक ॲसिड ज्या एन्झाइममुळे सक्रिय होतं ते यकृतात असतं, हाडाला जोडलेल्या स्नायूंत नसतं. इझेटिमाइब आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. चाचण्यांत या जोडीने एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) साधारण ३८ टक्के उतरलं, म्हणजे १६० असेल तर शंभरच्या आसपास. २०२३च्या मोठ्या चाचणीत हार्ट अटॅकसारख्या घटना १३ टक्क्यांनी कमी झाल्या, पण ती एकट्या बेंपेडोइक ॲसिडची होती, जोडगोळीची नव्हे.

खरी अडचण युरिक ॲसिडची. ते पहिल्या महिन्यातच वाढू शकतं, त्यामुळे गाउट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. क्वचित स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, टेंडन) तुटतो; साठी ओलांडलेल्यांत आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांत धोका जास्त. टाचेमागे अचानक कळ आली तर गोळी थांबवून लगेच दाखवा.

आणखी दोन गोष्टी:
- घरात रोसुवास्टॅटिन-इझेटिमाइबची जुनी पट्टी असेल तर ती सोबत घेऊ नका, इझेटिमाइब दुप्पट जातं. ही चूक फार होते.
- कोलेस्टिरामिन (कोलेस्टेरॉलचंच आणखी एक औषध) चालू असेल तर ही गोळी त्याच्या २ तास आधी किंवा ४ तासांनंतर.

एलडीएल ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा तपासा.