उद्गारचिन्ह नेमकं कुठं वापरायचं? साहेबांना ‘ठीक आहे!’ असं उत्तर पाठवलं तर ते चिडले, असं का?

साहेब चिडले यात नवल नाही. १९८९ साली माझे वडील दुखावले होते, तेही पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावरून.

मी तेव्हा औरंगाबादला होस्टेलवर. घर जिंतूर तालुक्यात, शेती कोरडवाहू. मेसचं दोन महिन्यांचं बिल थकलेलं, ताट बंद व्हायची वेळ आलेली, अन् दादांची (वडिलांना आम्ही दादाच म्हणायचो) दोनशेची मनीऑर्डर आली. सही केलेली पोच तेव्हा पोस्टानं जायचीच, तरी मी वेगळं कार्ड लिहिलं. ‘ती. दादांस सा. न. पैसे मिळाले! काळजी नसावी.’ त्या चिन्हाचा ठिपका इतका दाबून दिला की कार्डाला मागून टेंगूळ आलं. आनंदच तेवढा झाला होता.

दादांना वाचता येत नव्हतं. कार्ड वाचलं माझ्या चुलतभावानं, आप्पानं. पारावर, चार माणसांत. अन् वाचलं ते असं: ‘पैसे मिळाऽऽले!’ म्हणजे, मिळाले बाबा एकदाचे. वरून समजावूनही सांगितलं, “काका, ही उभी रेघ अन् खाली ठिपका म्हंजे पोरगं टोमणा मारायलंय.”

दादा तेव्हा काही बोलले नाहीत. दिवाळीला गेलो तेव्हा जेवताना म्हणाले, “उशीर झाला खरा. मुगाला गिऱ्हाईकच नव्हतं.” मला काही कळेना. रात्री आईनं सगळं सांगितलं.

आप्पा आजही म्हणतो, चूक तुझी. पेपरात ‘विद्वान (!) वक्ते’ छापतात ते टोमण्यासाठीच ना? अरे, पण ते कंसातलं! कंसातलं उद्गारचिन्ह बहुतेकदा खोचकच असतं. वाक्याच्या शेवटी येतं ते एवढंच सांगतं की इथं आवाज सपाट ठेवू नका. कोणता सूर लावायचा ते चिन्हात नसतं, शब्दांत आणि माणसात असतं. ‘आलास.’ ही नोंद, ‘आलास?’ ही चौकशी. ‘आलास!’ मध्ये मात्र आईची माया बसते अन् बायकोचा रागही. मोडी कागदांत तर विरामचिन्हंच नसायची, शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. सूर वाचणाऱ्यानंच शोधायचा. एकोणिसाव्या शतकात इंग्रज कोशकार मेजर कँडी वगैरे मंडळींनी इंग्रजीतली चिन्हं मराठीत रुजवली. आप्पापर्यंत ती अजून पोचायचीत.

अरेरे, शाब्बास, अबब यांच्यापुढं ते येतं, हे शाळेतलं तुम्हाला ठाऊकच असणार. बाकी गणितात ५! म्हणजे १२०, पाचापासून एकपर्यंतचा गुणाकार. बुद्धिबळाच्या नोंदीत चालीपुढं हे चिन्ह असलं तर चाल झकास. अन् माझा पोरगा कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिताना ‘=’ या खुणेआधी ते टाकतो तेव्हा अर्थ होतो ‘समान नाही’. यात कुठं आहे टोमणा?

तुमचं म्हणाल तर ‘ठीक आहे’ हा शब्दच मुळात अर्ध्या मनाचा. त्याच्यापुढं उद्गारचिन्ह लावलं की आदळआपट वाटते. ‘हो, करतो.’ लिहा अन् सोडून द्या. आनंद कळवायचा असेल तर तो आधी शब्दांत घाला, मग चिन्ह लावा. ‘पैसे मिळाले, फार बरं झालं!’ असं मी लिहिलं असतं तर आप्पाच्या बापालाही त्यात टोमणा सापडला नसता.

अर्थात माझं बी-बियाण्याचं दुकान आहे, मला साहेब नाही. तुमचे कसे आहेत ते तुम्हीच बघा. माझी मुलगी म्हणते, हल्ली मेसेजमध्ये पूर्णविराम दिला तरी माणूस रागावल्यासारखा वाटतो. असेलही.

आप्पा आता रोज सकाळी घरच्या ग्रुपवर ‘शुभ सकाळ!!!!’ टाकतो. मागच्या आठवड्यात मी विचारलं, हे चार टोमणे कुणाला? त्यानं नुसता अंगठा पाठवला.